सिग पी३६५ एक्सएल: टेक्सासच्या उन्हात टीशर्टखाली लपणारं पिस्तूल

कन्सील्ड कॅरीसाठी, म्हणजे कपड्याखाली लपवून बाळगायला, पिस्तूल बघायला गेलात की काउंटरवरचा माणूस हमखास सगळ्यात छोटं काढून दाखवतो, त्याला भुलू नका. मी ह्यूस्टनला राहतो, उन्हाळ्यात इथे टीशर्ट आणि शॉर्ट्सच्या वर काही अंगावर सहन होत नाही, त्यामुळे काय लपतं आणि काय नाही ते लगेच कळतं. बरीच वर्षं बरंच काही कमरेला लावून झाल्यावर आता सिग कंपनीच्या पी३६५ एक्सएलवर थांबलोय.

रुगर एलसीपी त्या छोट्यांपैकीच, खिशात मोबाइलसारखं मावतं, रिकाम्याचं वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आत. पण हलकं पिस्तूल म्हणजे झटका सगळा हाताला, साइट्स, म्हणजे नेम धरायच्या खुणा, नावापुरत्या, आणि गोळी ३८० ची, नेहमीच्या ९ एमएमपेक्षा कमी जोराची. रेंजवर एक बॉक्स संपवला की दुसरा उघडावासा वाटत नाही, मग प्रॅक्टिस होणार कधी? स्मिथ अँड वेसनची ६४२ रिव्हॉल्व्हर मला मनापासून आवडते, हॅमर (गोळी उडवणारा घोडा) आतच असल्यामुळे कपड्यात अडकत नाही, पण पाचच गोळ्या आणि ट्रिगर लांब, जड, त्यावर नेम धरायला खरंच मेहनत लागते. ग्लॉक १९ तर काय बोलायचं, १९८८ पासून आहे, १५ गोळ्या, चालवायला आजही एक नंबर. हिवाळ्यात जॅकेटखाली बिनधास्त लावा, जुलैत टीशर्टमधून मूठ टोकते ती टोकतेच.

आणि खरी गोम तिथेच आहे. नळी पँटच्या आत जाते, ती थोडी लांब असली तरी कुणाला दिसत नाही, उलट पिस्तूल कमरेला नीट टेकून बसतं. दिसते ती मूठ, तिची लांबी आणि जाडी. आधी बारीक पिस्तूल म्हटलं की गोळ्या कमी, स्मिथ अँड वेसनचं २०१२ चं शील्ड घ्या नाहीतर २०१५ चं ग्लॉक ४३ घ्या, मॅगझिनमध्ये सहा-सात-आठ. २०१८ ला पी३६५ आलं आणि तेवढ्याच अंगात १० बसवल्या. वर्षभरात एक्सएल आलं, ३.७ इंची नळी, १२ गोळ्या, मूठ पूर्ण हातात येते, करंगळी हवेत राहत नाही. मला हेच पाहिजे होतं. साधारण ६०० डॉलर धरून चला, पंजा मोठा असेल तर आधी रेंजवर भाड्याने घेऊन बघा.

होल्स्टरवर, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानावर, कंजूषी अजिबात नको. ट्रिगर पूर्ण झाकणारं कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं) घ्या, ते मऊ नायलॉनचं स्वस्तातलं नको, आणि सोबत ताठ गन बेल्ट, साधा पट्टा वजनाने लोंबतो आणि मग सारखं पँट वर ओढत बसा.

आपल्या लोकांसाठी एक, एच-वन-बीवर असाल तर फेडरल कायद्याने पिस्तूल बाळगता येत नाही, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डनंतरच बघा. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्यांना, कायद्याने बंदी नसेल तर, परमिट लागत नाही, तरी मी लायसन्स ठेवलंय कारण दुसऱ्या बऱ्याच राज्यांत तेच चालतं. ५१ टक्केवाली लाल पाटी असलेल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई तिथेच प्यायच्या दारूवर असलेल्या बारमध्ये नाही, शाळेत नाही. मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये असला की कुर्त्याखाली काही नाही, पिस्तूल घरी तिजोरीत, घरात पोरं असतील तर तिजोरी पिस्तुलाच्या आधी घ्या.

एक्सएलच्या स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याने नेम दाखवणारी साइट, बसवायची सोय आहे, मी अजून बसवला नाहीये. पण चाळिशीनंतर पुढची साइट धूसर दिसायला लागलीये, तेव्हा या ब्लॅक फ्रायडेला डील मिळालं तर घेऊन टाकतो, बायकोला अजून सांगितलेलं नाही.