ब्लॅक क्रीक, लँग की अप्पर कॅनडा व्हिलेज: आई-बाबांना घेऊन नेमकं कुठं जायचं?

मे-जून लागला की टोरोंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनमधल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा येतात. नायगारा होतो, सीएन टॉवर होतो, थाउजंड आयलंड्सची बोटही होते. मग पुढं काय? मला कुणी विचारलं तर मी लगेच सांगतो, पायोनियर व्हिलेज बघा. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं खेडं, जुनी लाकडी-दगडी घरं, आणि त्या काळचे कपडे घालून लोहारकाम, विणकाम, दळण प्रत्यक्ष करून दाखवणारी माणसं. ज्यांचं लहानपण गावात गेलंय, त्यांना तिथं फारसं काही समजावून सांगावं लागत नाही. भाता, ऐरण, जात्याची तळी त्यांना लांबूनच ओळखू येतात.

ऑन्टारियोत अशी गावं बरीच आहेत, पण विचारणा होते ती तिघांची: टोरोंटोतलं ब्लॅक क्रीक, पीटरबरोजवळचं लँग आणि मॉरिसबर्गचं अप्पर कॅनडा व्हिलेज. ‘सगळ्यात भारी कुठलं’ असं विचारून उपयोग नाही. तुम्हाला कामं चालताना बघायची आहेत की सणाचा माहोल हवाय, हे आधी ठरवा. तारीख आणि जागा त्यावरूनच ठरते, आणि इथंच बहुतेकांची गफलत होते.

कामं बघायची असतील तर माझं मत सरळ अप्पर कॅनडा व्हिलेजला. टोरोंटोहून ४०१ महामार्ग धरून पूर्वेला साधारण चार तास लागतात. ओटावात राहणाऱ्यांना तो तासाभराचा रस्ता. लांब आहे, पण १८६० च्या दशकातलं हे गाव नुसतं मांडून ठेवलेलं नाही, ते चालतं. लोकरीच्या गिरणीत जरूर वेळ काढा. बाहेर पाण्याचा जोर, आत छताखाली फिरणारा दांडा, त्यावरून खाली प्रत्येक यंत्राला उतरणारे पट्टे. एका टोकाला लोकर पिंजली जाते, तिचे मऊ पेळू निघतात, पुढं त्यांचं सूत होतं आणि मग मागावर कापड. धनगराची घोंगडी ज्यांनी विणताना पाहिलीय, त्यांना इथं हातकामाचा कारखाना कसा झाला हे एका खोलीत दिसतं. पुस्तकात वाचलेली औद्योगिक क्रांती मुलांना अशी क्वचितच कळते.

शेजारच्या लाकडाच्या गिरणीत उभी करवत पाण्यावर वरखाली होते आणि ओंडका सावकाश तिच्यावर सरकत येतो. पिठाच्या गिरणीत पाण्याच्या जोडीला वाफेचं इंजिन आहे. तिथं दळलेल्या पिठाचा पाव गावातल्याच भट्टीत भाजला जातो आणि तो विकतही मिळतो. सकाळी लवकर घेऊन ठेवा. कालव्यात घोड्यानं ओढायची सपाट नाव आहे. चालून पाय दुखलेल्या आई-बाबांसाठी ती फार सोयीची.

या गावाला एक दुखरी बाजूही आहे आणि ती माहीत करून घेतल्याशिवाय तिथं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. सेंट लॉरेन्स नदीवर जलमार्ग आणि वीजप्रकल्प झाला, तेव्हा १ जुलै १९५८ ला बांध सुरुंगानं उडवून पाणी आत घेतलं गेलं. मिल रोश, मूलिनेट, वेल्स, ऑल्ट्सव्हिल अशा वस्त्या पाण्याखाली गेल्या. सुमारे साडेसहा हजार माणसं उठली. पाचशेहून जास्त घरं तर अजस्र यंत्रांवर उचलून इंगलसाइड आणि लाँग सॉल्ट या नव्या वस्त्यांत नेऊन ठेवली. त्या पट्ट्यातल्या काही जुन्या इमारती वाचवून आणल्या, त्यांतून हे संग्रहालय उभं राहिलं आणि १९६१ ला खुलं झालं. कोयना किंवा उजनीच्या पाण्यात ज्यांच्या आजोळाचं गाव गेलं, त्यांना इथं वेगळं काही सांगायला नको. वेळ असेल तर लाँग सॉल्टजवळ ऑल्ट पार्कमधलं लॉस्ट व्हिलेजेस म्युझियमही बघा. छोटं आहे, पण उठलेल्या माणसांची बाजू तिथं जास्त कळते.

आता सणांचं. ऑक्टोबरात अप्पर कॅनडा व्हिलेजमध्ये पम्पकिनफर्नो असतं: हजारो कोरलेले कृत्रिम भोपळे, आतून उजळलेले, त्यांचे मोठमोठे देखावे. हिवाळ्यात अलाइट ॲट नाइट, दहा लाखांवर दिव्यांची रोषणाई. दोन्ही सुंदर आहेत, मुलं हरखून जातात. पण हे रात्रीचे देखावे आहेत. तुम्ही रोषणाई बघत चालता. माग, करवत, भट्टी यांसाठी दिवसाच यावं लागतं. माग बघायला म्हणून चार तास गाडी हाकत डिसेंबरात गेलात तर हिरमोड होणार. माग हवे असतील तर उन्हाळ्यातला साधा, बिनकार्यक्रमाचा दिवस निवडा. गर्दी कमी असते आणि कारागीर निवांत बोलतात.

लँगचं गणित बरोबर उलटं आहे. पीटरबरोच्या आग्नेयेला, कीन गावाजवळ, इंडियन नदीच्या काठी. टोरोंटोहून दीड-दोन तास. पीटरबरो काउंटीनं १९६७ मध्ये सुरू केलेलं हे गाव आकारानं लहान आणि खऱ्या अर्थानं ग्रामीण आहे. इथं मात्र कार्यक्रमाच्या दिवशीच जा, कारण त्या दिवशी जुन्या घरांत चुली पेटतात आणि आसपासची हौशी मंडळी कामाला लागतात. जूनमध्ये फादर्स डेच्या सुमाराला जुनी वाफेची यंत्रं आणि ट्रॅक्टर येतात, ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगला सफरचंदांचा उत्सव होतो, आणि डिसेंबरात ख्रिसमस बाय कँडललाइट. नाताळसाठी मला विचाराल तर दहा लाख दिव्यांपेक्षा मी लँगच्या मेणबत्त्या निवडेन. तिथं घराघरांत शिरता येतं, आणि वीज नसलेलं गाव हिवाळ्यातल्या संध्याकाळी कसं असे, हे खरंच कळतं.

लँगमधल्या दोन गोष्टी शोधून बघा. एक, विणकराच्या दुकानातला जॅकार्ड माग. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लोंबते. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला जागेवर राहतो, आणि त्यातून नक्षी उमटते. घरात कुणी सॉफ्टवेअरमध्ये असेल, आणि आपल्याकडे असतंच, तर तो त्या मागासमोरून लवकर हलणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे डेव्हिड फाइफ यांची ओंडक्यांची झोपडी. बाहेरून बघण्यासारखं फारसं काही नाही, म्हणून लोक पुढं निघून जातात. पण १८४२ च्या सुमाराला याच भागात फाइफ यांनी ग्लासगोहून आलेलं थोडंसं बियाणं पेरलं आणि त्यातून रेड फाइफ गहू निघाला. पहिल्या वर्षी जगलेल्या मोजक्या ओंब्या गाय खाऊन टाकणार होती, ती बायकोनं हुसकावली, अशी कथा सांगतात. हा गहू तांबेऱ्याला बऱ्यापैकी टिकायचा, पीठही उत्तम व्हायचं, आणि पुढची काही दशकं कॅनडाच्या शेतांत त्याचंच राज्य होतं. नंतर त्याचा संकर हार्ड रेड कलकत्ता या भारतीय गव्हाशी झाला आणि त्यातून मार्क्विस ही लवकर पिकणारी जात मिळाली. हिवाळा लवकर गाठणाऱ्या प्रेअरीत, म्हणजे पश्चिमेकडच्या सपाट गवताळ मुलखात, गव्हाचं पीक फोफावलं ते या मार्क्विसमुळं. शेतकरी घरातल्या बाबांना हे झोपडीसमोर उभं राहून सांगा. नदीकाठची १८४६ ची दगडी गिरणीही बघितल्याशिवाय निघू नका.

आणखी एक. या भूमीवर आधीपासून मिची सागिग हे इथले मूळनिवासी लोक राहत आले आहेत. त्यांची हायवाथा ही वस्ती जवळच, राइस लेकच्या काठी आहे. ‘पहिले वसाहतकार’ हा शब्द ऐकून जमीन रिकामी होती असं मुलांना वाटायला नको. हे त्यांना आपण सांगायचं.

ब्लॅक क्रीकबद्दल थोडक्यात. आता ते द व्हिलेज ॲट ब्लॅक क्रीक या नावानं चालतं. जेन आणि स्टील्सच्या कोपऱ्यावर, यॉर्क विद्यापीठाला लागून. गाडी नसेल तर हाच पर्याय: सबवेच्या एक नंबर लाइननं पायोनियर व्हिलेज स्टेशन, तिथून पुढं स्टील्सवरून बस. स्टाँग कुटुंबाचं १८१६ चं ओंडक्यांचं घर आणि १८३२ चं दुसरं घर मूळ जागेवरच उभं आहे. एकाच कुटुंबाची सोळा वर्षांतली प्रगती शेजारी शेजारी दिसते. बाकी बऱ्याच इमारती, उदाहरणार्थ हाफ वे हाउस ही सराई आणि रॉब्लिनची पाणचक्की, दुसरीकडून आणून बसवलेल्या. अडचण एवढीच, की कुंपणापलीकडं रहदारी आणि उंच इमारती आहेत. गावात आलोय असं पुरतं वाटत नाही. पण लहान मूल, गुडघे दुखणारी आजी आणि हाताशी फक्त अर्धा दिवस असेल तर बिनधास्त इथंच जा.

तिन्हीकडं जुन्या घरांना पायऱ्या आणि उंबरे आहेत, रस्ते खडीचे-मातीचे. व्हीलचेअर लागत असेल तर आधी फोन करून विचारा. उघडे दिवस ऋतूप्रमाणं बदलतात, कार्यक्रमांची तिकिटं बऱ्याचदा वेगळी असतात. निघायच्या आदल्या दिवशी वेबसाइट बघाच. शाकाहारी मंडळींनी डबा घरून न्यावा, जूनमध्ये नदीकाठी डासांचं मलम, आणि डिसेंबरात आई-बाबांना स्नोबूट घालूनच बाहेर काढा, कारण मेणबत्त्यांचा असो की दिव्यांचा, बराचसा कार्यक्रम उघड्यावर चालत करायचा असतो.