डिप्रेशनसाठी सीबीटी घेतली, पैसे वसूल झाले का?

ऑफिसातल्या दोघीतिघी सारख्या विचारतायत म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. नाशिकमध्येच एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपी (आपले विचार आणि वागणं तपासून बदलायची उपचारपद्धत) घेतली, सायकिअ‍ॅट्रिस्टच्या गोळ्या आधीपासून होत्या त्या तशाच चालू ठेवून. फी सेशनला दीड हजार, वेळ पाऊण तास, म्हणजे स्वस्त नाहीच. आणि तिथे जाऊन मनसोक्त रडायचं, मॅडम डोक्यावरून हात फिरवणार अशा तयारीने जाल तर पहिल्याच दिवशी हिरमोड होईल, कारण इथे हातात कागद आणि पेन देतात.

पहिला कागद पीएचक्यू-९, म्हणजे डिप्रेशन किती आहे ते मोजायचा फॉर्म. ९ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का वगैरे, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. जितके जास्त तितका त्रास जास्त. दर वेळी भरायचा. शाळेसारखं वाटतं खरं, पण डिप्रेशनमध्ये माणूस 'काडीचा फरक नाही' हेच धरून बसतो, तेव्हा आकडा उतरलेला कागदावर दिसला की निदान स्वतःशी भांडायला काहीतरी हातात असतं.

खरा माल म्हणजे विचारांचा तक्ता. माझ्या वहीतलं एक पान सांगते. सरांनी बिलांच्या फाइलवर पेन्सिलने 'उद्या भेटा' एवढंच लिहून ठेवलेलं. हा झाला प्रसंग. मनात आलेला विचार: चूक सापडली, आता काढतात, आणि काढतीलच, मला काही जमतच नाही. भावना: भीती, १०० पैकी ९०. पुढचा रकाना, विचार खरा असल्याचे पुरावे: गेल्या महिन्यात एक एन्ट्री चुकली होती. त्याच्या शेजारी, खरा नसल्याचे पुरावे: ती मीच शोधून दुरुस्त केली, सर चिडले की लिहीत बसत नाहीत सरळ केबिनमधून हाक मारतात, आणि मार्च एंडला किचकट कामं माझ्याच टेबलावर येतात. मग तोलूनमापून एक वाक्य: काय असेल ते उद्या कळेल, चूक असली तरी एवढ्यावर नोकरी जात नाही. भीती परत मोजली तर ५०. शून्य नाही हं, पन्नास! पण पन्नासवर दोन घास जातात आणि झोप लागते. (सरांना मागच्या वर्षीची जीएसटीची फाइल हवी होती, बास.)

याला पॉझिटिव्ह थिंकिंग म्हणणाऱ्यांना एकदा हा तक्ता भरायला बसवलं पाहिजे. 'सगळं छान होईल' असं लिहिलं की मॅडम लगेच विचारतात, पुरावा काय?

ही पद्धत काढणारे अ‍ॅरन बेक मुळात फ्रॉइडच्याच वाटेवरचे, म्हणजे मनाच्या तळाशी दडलेलं शोधणाऱ्या मनोविश्लेषणवाले डॉक्टर. डिप्रेशन म्हणजे आत वळलेला राग, हे सिद्ध करायला पेशंटची स्वप्नं तपासायला बसले आणि सापडलं भलतंच, राग बाजूलाच, हरणं आणि गमावणंच जास्त. तिथून १९६० च्या दशकात त्यांनी मांडलं की या आजारात माणूस स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि पुढच्या दिवसांबद्दल वाईटच अर्थ लावत सुटतो, तेही इतकं आपोआप की आपण काही अर्थ लावतोय हेच ध्यानात येत नाही. त्यांच्या थोडं आधी, १९५५ च्या सुमाराला अल्बर्ट एलिस यांनी आरईबीटी ही अशीच, अविवेकी समजुती तपासायला लावणारी पद्धत सुरू केली होती, तीच आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली, त्यामुळे घरातल्या मोठ्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार हे नाव ऐकलेलं असू शकतं.

पण अंथरुणातून उठवतच नाही असे दिवस असतात तेव्हा कसला तक्ता नि कसले पुरावे. त्या काळात मॅडमनी विचारांना हातच लावला नाही. फक्त वेळापत्रक: आंघोळ, कुंड्यांना पाणी, आत्याला फोन, आणि प्रत्येकापुढे दोन आकडे, किती बरं वाटलं आणि किती जमलं, दोन्ही दहापैकी. मूड आला की करू, हे चालत नाही, आधी करायचं, मूड आला तर मागून येईल. दिसायला फार किरकोळ वाटतं, पण गोव्यात संगत संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मुख्यतः हेच वापरलं, तेही डॉक्टर नसलेल्या, ट्रेनिंग देऊन तयार केलेल्या समुपदेशकांकडून, ६ ते ८ भेटींत, आणि लोकांना फरक पडला, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय.

आता तक्रारी. फॉर्म सगळे इंग्रजीत आणि झेरॉक्सची झेरॉक्स, शेवटचा रकाना अर्धा कापलेला. होमवर्क केला नाही तर ते सेशन वाया, दीड हजारात नुसती गेल्या आठवड्याची उजळणी होते, आणि डिप्रेशनवाल्या माणसाला होमवर्क देणं हा जरा अन्यायच आहे, पण त्याला इलाज दिसत नाही. माहेरची जुनी दुखणी काढायला इथे फारसा वाव मिळत नाही, ज्यांना तेच बोलायचंय त्यांना हे कोरडं वाटेल. शिवाय घराचा ईएमआय काही विचार तपासून कमी होत नाही, हे मॅडमनी स्वतःच सांगितलं आणि त्यासाठी वेगळं बसून हिशोब मांडायला लावला, ते आवडलं. इन्शुरन्समधून मात्र एक रुपया मिळाला नाही. २०१७ च्या कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरा असं आहे, पण माझी पॉलिसी अ‍ॅडमिट झालं तरच पैसे देणारी, मग कसलं काय.

याआधी एका ठिकाणी गेले होते तिथे 'मन रमवा, चालायला जा' एवढं सांगून फी घेतली होती. म्हणून जाण्याआधी फोनवरच विचारा, आरसीआय (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणारी सरकारी परिषद) रजिस्ट्रेशन आहे का, आणि घरी करायला काही देता का. 'आपण निवांत बोलू की' असं उत्तर आलं तर ती सीबीटी नव्हे. पैशांची अडचण असेल, किंवा जिवाचं काही करावंसं वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

माझे पाचात चार स्टार. एक कापला तो त्या झेरॉक्सचा, तक्ता मी आता वहीत पट्टीने आखून घेते.