आवाज बाहेरचा, बिल गॅसचे

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या इंदिरानगरच्या घरातील एसीने रात्री घरघर सुरू केली आणि ती थांबावी म्हणून मी एका भामट्याला सात हजार रुपये दिले. त्यांतला एक रुपयाही त्या घरघरीवर खर्च झाला नव्हता, हे कळायला आणखी सहा दिवस गेले. घडले ते क्रमाने लिहितो, कारण ज्या युक्तीने मी फसलो ती डोळ्यांसमोर घडूनही ओळखता येत नाही.

‘नाशिकला एसी कशाला?’ असे म्हणणाऱ्या पिढीतला मी. तरीही उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकू लागल्यावर ब्याऐंशी वर्षांच्या आईच्या खोलीत तीन वर्षांपूर्वी दीड टनाचा इन्व्हर्टर एसी बसवला. आजवर त्याने कधी त्रास दिला नव्हता. त्या रात्री मात्र एसी सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटांनी बाहेरून घर्रर्र असा आवाज येऊ लागला. तो मध्येच थांबे आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई. आईने विचारले, “इतक्या रात्री कोण जातं ओढतंय रे?” खोली नेहमीसारखी गार होत होती. या दोन गोष्टी, म्हणजे आवाज बाहेरचा आहे आणि गारवा पुरेसा आहे, मी तेव्हाच कागदावर लिहून ठेवल्या असत्या तर पुढचे काही घडले नसते.

वॉरंटी कार्ड कपाटातल्या फाइलमध्ये होते. ते काढण्याचा कंटाळा केला आणि मोबाइलवर कंपनीच्या नावापुढे ‘कस्टमर केअर नाशिक’ लिहून जो नंबर सर्वांत वर आला तो लावला. पलीकडच्या बाईंनी अदबीने बोलून तक्रार क्रमांकही दिला. दीड तासात कॉलरचा टी-शर्ट घातलेला एक तरुण हजर झाला. त्याच्या गळ्यातले ओळखपत्र पाठमोरे लटकत होते. ते सरळ करून पाहावे, असे मला सुचले नाही.

“आवाज येतो,” एवढेच मी सांगितले. कोणत्या वेळी, कोणत्या बाजूने, कसला, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. एसी सुरू करून त्याने अर्धा मिनिट वाऱ्यासमोर हात धरला आणि म्हणाला, “काका, गॅस कमी झालाय. गॅस कमी झाला की कॉम्प्रेसरवर लोड येतो, त्याचाच आवाज आहे. असाच चालवलात तर कॉम्प्रेसर जळेल, मग वीस हजारांना पडेल.” आमच्या एसीच्या कॉम्प्रेसरला, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाला, दहा वर्षांची वॉरंटी आहे, म्हणजे तो खरोखर जळाला असता तरी बदलून मिळाला असता. पण भीती घातली की माणूस आपल्याच कपाटातले कागद विसरतो.

बाहेरचे युनिट स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीच्या भिंतीवर आहे. त्याने व्हॉल्व्हला गॅसचा दाब दाखवणारा गेज जोडला आणि काटा माझ्याकडे वळवला. सुरुवातीला काटा एकशेवीसच्या आसपास होता. माझ्याकडे पाठ करून तो वाकला, उजव्या हाताने खाली काहीतरी फिरवले आणि “आता बघा, काका,” म्हणाला. मिनिटभरात काटा घसरत घसरत वीसच्या खाली आला. त्याच्या मुठीत काटकोनात वाकवलेली एक छोटी किल्ली मला दिसली होती. मेकॅनिकजवळ हत्यारे असायचीच, म्हणून मी तिचा विचार केला नाही. मग त्याने लेबल नसलेली एक छोटी टाकी जोडली, थोडा फुसफुस आवाज झाला आणि काटा पुन्हा वर चढला. “बघा, भरला.” मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, शंका घेणार कशी?

त्यानंतर वरचा पत्रा उघडून त्याने आत हात घातला आणि चंदेरी रंगाचा, पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेला एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा डबीसारखा भाग, बाहेर काढला. “हाही गेलाय.” नवा बसवला म्हणाला, पण जुना मागितल्यावर तो कंपनीत जमा करावा लागतो, असे उत्तर मिळाले. गॅसचे ४,२०० रुपये, कपॅसिटरचे १,९००, ‘केमिकल सर्व्हिस’चे ९०० आणि व्हिजिटचे ४०० असे एकूण ७,४०० रुपये झाले. मी घासाघीस केल्यावर त्याने व्हिजिटचे पैसे सोडले आणि मी वर खूशही झालो. नोकरीची तेहतीस वर्षे मी लेखा विभागात दुसऱ्यांची बिले तपासण्यात घालवली. त्या कागदावर कंपनीचा पत्ता नव्हता, जीएसटी क्रमांक नव्हता आणि क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी एका व्यक्तीचे नाव आले. तरीही मी पैसे पाठवले.

त्याच रात्री घरघर पुन्हा सुरू झाली. फोन केल्यावर “नवीन गॅस सेट व्हायला दोन-तीन दिवस लागतात, काका,” असे सांगण्यात आले. तिसऱ्या दिवसापासून तो फोन बंद झाला. दरम्यान एक नवीच भर पडली होती. घरघरीच्या खाली आता एक बारीक, सलग सूंऽऽ असा आवाज ऐकू येत होता, बाहेरच्या युनिटच्या बारीक पाइपपाशी पांढरा बर्फ धरत होता आणि खोली पूर्वीसारखी गार होत नव्हती. वॉरंटी कार्डावरच्या खऱ्या नंबरवर चौकशी केली तेव्हा माझ्या नावाने कोणतीही तक्रार नोंदलेलीच नसल्याचे समजले. कंपनीचा माणूस यायला आठवडा लागणार होता. आईचे हाल पाहवेनात, म्हणून इमारतीच्या वायरमनच्या ओळखीने सातपूरचे एक जुने मेकॅनिक बोलावले.

त्यांनी हत्यारांची पिशवी दाराशीच ठेवली आणि म्हणाले, “आधी आवाज ऐकवा.” आम्ही दोघे बाल्कनीत दहा मिनिटे नुसते उभे राहिलो. कॉम्प्रेसरचा वेग वाढला आणि घरघर सुरू झाली, तशी त्यांनी जाड तांब्याच्या पाइपवर दोन बोटे दाबून धरली. आवाज बंद झाला. बोटे उचलली, तो पुन्हा सुरू झाला. त्यांनी मलाही बोटे ठेवायला लावली. युनिटखालच्या चार रबरांपैकी दोन उन्हाने तडकून गेले होते, स्टँडचा एक बोल्ट सैल होता आणि त्यामुळे हलणारा पाइप पत्र्याच्या कडेला घासत होता. तांबे त्या जागी उजळले होते. आणखी काही महिने असेच घासत राहिले असते तर तिथे भोक पडून गॅस खरोखरच गेला असता, असे ते म्हणाले.

सूंऽऽ आवाजाचे कारण त्यांना बर्फ पाहताच कळले. बारीक पाइपच्या व्हॉल्व्हचे टोपण काढून त्यांनी तशीच काटकोनी किल्ली, म्हणजे ॲलन-की, आत घातली आणि ती जवळजवळ दोन फेरे उलटी फिरली. व्हॉल्व्ह अर्धवट बंद होता. एसी एका घरातून दुसऱ्या घरात हलवताना मेकॅनिक हाच व्हॉल्व्ह बंद करून एसी चालवतात. त्यामुळे सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होतो आणि गेजचा काटा शून्याकडे जातो. त्या तरुणाने माझ्यासमोर नेमके हेच केले होते. नंतर गॅस ‘भरल्याचा’ देखावा करताना व्हॉल्व्ह पुन्हा उघडला, पण घाईत पूर्ण उघडला नाही, म्हणून अरुंद वाटेने जाणारा गॅस तिथेच शिट्टी घालत होता आणि बर्फ धरत होता. म्हणजे फसवणुकीने स्वतःचा वेगळा आवाज मागे ठेवला होता आणि मला तोही ऐकता आला नव्हता.

कपॅसिटरचे ऐकून त्यांना हसू आवरेना. तसा मोठा कपॅसिटर जुन्या, एकाच वेगाने चालणाऱ्या कॉम्प्रेसरला लागतो. तो खराब झाला की बाहेरचे युनिट सुरू होताना नुसते गुणगुणते, टक् करून बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करते. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो आणि इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालतो, त्याला असा कपॅसिटर लागत नाही. जो भाग आमच्या एसीत नव्हताच, तो बदलल्याचे १,९०० रुपये मी मोजले होते.

काम करता करता ते बोलत होते आणि मी प्रथमच नीट ऐकत होतो. गॅस बंद नळ्यांमध्ये फिरतो, गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झालाच तर कुठेतरी गळती असते आणि जोडावर बहुधा तेलाचा ओशट डाग दिसतो. म्हणून गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. आमच्या युनिटवरच्या पट्टीवर आर-३२ गॅस आणि त्याचे वजन लिहिलेले आहे, एक किलोपेक्षाही कमी. तो भरायचा तर वजनकाट्यावर टाकी ठेवून मोजून भरावा लागतो. एसी बंद केल्यावर आत होणारी गुडगुड आणि प्लॅस्टिक आकुंचन पावताना येणारी टक् टक् यांसाठी कोणालाही बोलावण्याची गरज नसते. आतल्या युनिटमधून फडफड आली तर ब्लोअरला, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याला, धूळ, कागद किंवा पाल अडकली आहे का ते पाहावे, आणि चरचर आवाजाबरोबर जळका वास आला तर काहीही न पाहता आधी एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, खाली पाडावा. चार नवी रबरे, बोल्ट आणि पाइपभोवती फोमचा तुकडा, एवढ्याचे त्यांनी ६५० रुपये घेतले. जुनी रबरे त्यांनी न मागता माझ्या हातात ठेवली.

मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. १९३० वर पहिल्याच दिवशी फोन करायला हवा होता; सहा दिवसांनंतर त्या खात्यात पैसे राहिले नव्हते. पैसे मी स्वतःच पाठवलेले असल्यामुळे बँकेनेही हात वर केले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, परंतु तक्रार कोणाविरुद्ध करायची, हा प्रश्न उरतोच, कारण बिलावरचे नाव आणि क्यूआर कोडवरचे नाव एकमेकांशी जुळत नाहीत.

सोसायटीच्या मासिक बैठकीत मी हे सर्व सांगितले, तेव्हा बी विंगमधले एक गृहस्थ बराच वेळ गप्प बसले होते. बैठक संपल्यावर ते जिन्यात माझ्याजवळ आले. त्यांच्याकडे मार्चमध्ये साडेपाच हजारांचे असेच काम झाले होते आणि लाजेपोटी त्यांनी घरीही सांगितले नव्हते. त्यांनी मला एवढेच विचारले, “त्या कपॅसिटरला पिवळी चिकटपट्टी होती का हो?”