गोव्यातल्या लग्नाचं पॅकेज घेण्याआधी हे वाचा

माझ्या भाचीचं लग्न दक्षिण गोव्यातल्या एका रिसॉर्टमध्ये ठरलं होतं. त्यासाठी अंधेरीत ऑफिस थाटलेल्या एका वेडिंग प्लॅनरने ताईकडून साडेसात लाख रुपये घेतले आणि रिसॉर्टकडे त्यातला एक रुपयाही भरला नाही. ताई महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. हे पैसे तिच्या ग्रॅच्युइटीचे. तक्रार चालू आहे म्हणून त्याचं नाव लिहीत नाही, पण त्याची पद्धत सविस्तर लिहितो, कारण नाव बदलून हाच माणूस उद्या दुसऱ्या घरात बसलेला असेल.

तो घरी आला तेव्हा त्याने पहिलं काम केलं ते हिशेब एका आकड्यात बांधण्याचं. "काकू, तुम्ही फक्त अक्षता टाकायला या, बाकी सगळं पॅकेजमध्ये." मुंबईत हॉल घेतला की एका पाहुण्याचा खर्च म्हणजे साधारण एक ताट. गोव्यात तोच पाहुणा म्हणजे दोन रात्रींची खोली, नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, मडगाव स्टेशनवरून आणायला गाडी. लॉनचं भाडं, मांडव, गुरुजींचं येणंजाणं वेगळंच. एवढ्या बाबी असल्या की माणूस दमतो आणि कुणीतरी एकच आकडा सांगितला तर त्याला सुटल्यासारखं वाटतं. या लोकांना हे पक्कं माहीत असतं. ताईने यातले कुठले पैसे कुणाला किती जाणार ते विचारलं, तर म्हणाला, "तो आमचा वेंडर रेट असतो, बाहेर देता येत नाही."

इथेच थांबा. ज्याला आपण पैसे देतो तो कुठला रुपया कुणाला देणार हे सांगत नसेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

त्याच्या कोटेशनमधलं खोल्यांचंच घ्या. पन्नास खोल्या, दोन रात्री, ६,८०० रुपये दर, म्हणजे ६,८०,००० रुपये. त्यावर त्याने १८ टक्के जीएसटी लावला, १,२२,४०० रुपये. सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. खोल्या थेट रिसॉर्टकडून घेतल्या असत्या तर कर ३४,००० रुपये झाला असता. आणि त्याने जो जीएसटी नंबर कोटेशनवर छापला होता, तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकल्यावर नोंदणी रद्द झाल्याचं दिसलं. म्हणजे कर वसूल करायचा हक्कच त्याला नव्हता. हे तपासायला लॉगिन लागत नाही, नंबर टाकला की नाव आणि स्थिती समोर येते.

आणखी एक ओळ होती: 'रात्री दोनपर्यंत साउंड परवानगी, ६०,०००.' अशी परवानगी विकत मिळतच नाही. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले मोजके दिवस फार तर बारापर्यंत सूट देऊ शकतं. किनाऱ्यावरच्या लग्नात संगीताचा मोह असतो, म्हणून ही ओळ अनेकांना खपवली जात असेल.

पैसे घेताना त्याने घाई केली ती मुहूर्ताची. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, त्यात गोव्याचा डिसेंबर, "दुसरी पार्टी याच तारखेसाठी थांबलीय." आधी त्याने रोख मागितली, जीएसटी वाचेल म्हणून. ताईने ठाम नकार दिला, आणि आज आमच्या हातात जो काही पुरावा आहे तो त्या नकारामुळे आहे. एका प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो. मग त्याने बँक खातं दिलं, ते फर्मच्या नावाचं नव्हतं. विचारल्यावर उत्तर आलं, करंट अकाउंटचं ऑडिट चालू आहे.

दोन दिवसांत रिसॉर्टचं व्हाउचर आलं. लोगो बरोबर, तारीख बरोबर, खोल्यांची संख्या बरोबर.

उघड कसं झालं ते सांगतो. नवऱ्या मुलाची आजी व्हीलचेअरवर असते. तिला तळमजल्यावर खोली मिळावी म्हणून मुलाच्या बहिणीने प्लॅनरला न विचारता थेट रिसॉर्टला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, त्या तारखेला पूर्ण रिसॉर्ट दिल्लीच्या एका कुटुंबाने घेतलंय. आम्ही ईमेलवर लेखी विचारलं. उत्तर आलं: या प्लॅनरने खोल्या तात्पुरत्या धरून ठेवल्या होत्या, ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे आले नाहीत, म्हणून सोडून दिल्या. व्हाउचर त्यांनी दिलेलंच नव्हतं. मग मी ते पुन्हा पाहिलं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात; महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. गोव्यातल्या खोल्यांचं बिल गोव्याच्याच नंबरावर निघतं. आमच्या व्हाउचरवर २७ होतं.

ताई त्या संध्याकाळी काही बोललीच नाही. भाची मात्र रडत म्हणत होती, "माझ्यामुळे झालं." तिच्यामुळे काहीही झालेलं नाही. समुद्राकाठी लग्न व्हावं असं वाटणं हा गुन्हा नाही. बनावट कागद करणं हा गुन्हा आहे.

पोलीस ठाण्यात आधी "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकावं लागलं. रिसॉर्टचा ईमेल आणि खोटं व्हाउचर शेजारी ठेवल्यावर भाषा बदलली आणि फसवणूक व बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवला गेला. तुमचे पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर मात्र ठाण्यात जाण्याआधी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, म्हणजे खात्यातली रक्कम रोखता येण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत महिने उलटले होते. ग्राहक आयोगाकडेही तक्रार केली आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येतं, मुदत दोन वर्षांची, आणि साडेसात लाखांच्या प्रकरणाला फी २०० रुपये. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गोव्याला खेटे घालावे लागत नाहीत.

लग्न त्याच मुहूर्तावर पार्ल्यातल्या एका हॉलमध्ये लागलं. मुलाकडच्यांनी अर्धा खर्च स्वतःहून उचलला. पैसे अजून परत आलेले नाहीत. तुमचं बुकिंग झालेलं असेल तर प्लॅनरने दिलेल्या नंबरावर नको, रिसॉर्टच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरावर आजच फोन करा आणि तुमच्या नावावर किती पैसे जमा आहेत ते लेखी मागा.