वाल्सचा कांदा, कार्बायिन्योचा ऑक्टोपस की कोन्सुएग्राचं केशर?

स्पेनमधला गावाकडचा सण म्हटलं की बहुतेकांना बुन्योलची टोमॅटोफेक आठवते. ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी असते, 2013 पासून तिकीट लागतं, आणि तिथला टोमॅटो तोंडात कमी, कपड्यांवर जास्त जातो. खाण्यासाठी जायचं असेल तर ती सोडा. खरी निवड पुढच्या तिघांतली आहे.

शाकाहाऱ्यांनी आधी कातालोनियातल्या वाल्सचा विचार करावा. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी इथे काल्सोट या कांद्याचा उत्सव असतो. कांदा पुन्हा लावतात आणि कोंब वाढेल तशी त्याला मातीची भर देत जातात, म्हणून पांढरा दांडा लांब आणि गोडसर होतो. द्राक्षवेलींच्या वाळक्या काटक्यांचा जाळ करून त्यावर तो पार काळा होईपर्यंत भाजतात, वर्तमानपत्रात गुंडाळून मुरवतात आणि कौलावर वाढतात. जळकी साल एका झटक्यात ओढायची, बदाम-हेझलनट, टोमॅटो, लसूण आणि सुक्या मिरचीच्या सॉसमध्ये बुडवायचा आणि मान मागे टाकून वरून तोंडात सोडायचा. गळ्यात लाळेरं बांधलेले आजोबा शेजारी असतातच, त्यामुळे लाजायचं कारण नाही. यानंतर निखाऱ्यांवर सॉसेज आणि कोकराचं मटण येतं. जाळी बहुधा तीच, पण कांदा आधी भाजला जातो. एवढं चालत असेल तर पोटभर जेवण होतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र तिकडे फिरकू नये.

सणाच्या रविवारी चौकातली भाजणी आणि कांदे खाण्याची स्पर्धा बघायला मजा येते. निवांत जेवायचं असेल तर मी फेब्रुवारीतला एखादा शनिवार आणि आसपासचं शेतघरातलं हॉटेल निवडेन. वाल्स हे मानवी मनोऱ्यांचंही माहेरघर. युनेस्कोने 2010 मध्ये सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलेली ही कला आपल्या गोविंदांची सख्खी बहीण वाटते. पण मोठ्या मनोऱ्यांचा हंगाम उन्हाळ्यापासून शरदापर्यंत. त्यासाठी ऑक्टोबरच्या उत्तरार्धातला सांता उर्सुलाचा दिवस गाठावा लागतो.

मासे खाणाऱ्यांसाठी गालिसियातलं ओ कार्बायिन्यो, ऑगस्टचा दुसरा रविवार. गाव समुद्रापासून दूर, तरी ऑक्टोपससाठी प्रसिद्ध, कारण जवळच्या ओसेइराच्या मठाला किनाऱ्यावरून ऑक्टोपस यायचा. तांब्याच्या मोठ्या भांड्यांत तो शिजवतात, कात्रीने कापून लाकडी ताटलीत घालतात; वर ऑलिव्ह तेल, जाडं मीठ आणि पाप्रिका. टूथपिकने खायचा, सोबत रिबेइरोची वाइन. गर्दी प्रचंड आणि ऐन सुट्ट्यांचा मोसम, तेव्हा खोली जवळच्या ओरेन्से शहरात घ्या आणि ती फार आधी ठरवा. शाकाहाऱ्याला इथे पाव आणि चीजवर दिवस काढावा लागेल.

तिसरं ला मान्चातलं कोन्सुएग्रा. 1963 पासून ऑक्टोबरअखेरीस इथे केशराचा उत्सव भरतो. मुख्य आकर्षण म्हणजे जांभळ्या फुलांतून तीन लाल तंतू भराभर खुडण्याची स्पर्धा. एका ग्रॅमला साधारण दीडशे फुलं लागतात हे ऐकून माहीत असतं. बायकांची बोटं चालताना बघितली की केशराच्या भावाबद्दलची कुरकुर थांबते. टेकडीवर पवनचक्क्यांची रांग आहे, आणि त्यातल्या एकीत सणाला गहू दळून दाखवतात. जेवण मात्र वाल्सइतकं रंगत नाही. पिस्तो, म्हणजे भोपळी मिरची, टोमॅटो आणि कांद्याची भाजी, शाकाहाऱ्यांना चालेल, फक्त हॅम किंवा अंडं नको हे आधी सांगा. पावाच्या चुऱ्याच्या मिगासमध्ये बहुतेक डुकराचं मांस असतंच. मान्चेगो चीजमध्ये कोकराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, वापरतात, तेव्हा कडक शाकाहाऱ्यांनी ते टाळावं.

पहिल्यांदाच जात असाल आणि घरात खाणारे-न खाणारे दोन्ही असतील, तर माझं मत वाल्सला. बार्सिलोनाहून रेल्वेने जाता येतं, थंडीत हॉटेलंही तुलनेने स्वस्त. मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीशिवाय जमत नसेल, तर तारखा जुळणाऱ्या वर्षी कोन्सुएग्रा. तिथे रेल्वे नाही; तोलेदोत मुक्काम करून बस किंवा भाड्याची गाडी घ्यावी, आणि रविवारी परतायचं असेल तर शेवटच्या बसची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवावी.