एकच पेच, पाच नियमावल्या: पॅलाडिन खेळवणाऱ्यांसाठी

नियमावली आणि डाइस घेऊन, एकेक पात्र वठवत टेबलाभोवती गोष्ट खेळायची, अशा रोल-प्लेइंग खेळांत पॅलाडिन म्हणजे देवाला किंवा एखाद्या तत्त्वाला शब्द देऊन शस्त्र उचललेला योद्धा. टेबलावर असा एक जण आला की त्याला नैतिक पेचात अडकवायचा मोह डीएमला (गोष्ट चालवणाऱ्याला) होतोच, आणि बरीचशी भांडणं तिथूनच सुरू होतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कोणी नवं कॅम्पेन (अनेक बैठकींत चालणारी गोष्ट) उभं करत असेल आणि कोणती नियमावली घ्यावी या विचारात असेल, तर एकच प्रसंग पाच नियमावल्यांतून चालवून पाहणं उपयोगाचं ठरेल. पेच किती अवघड आहे, यापेक्षा मी दोन गोष्टी पाहतो: शब्द मोडल्याची किंमत खेळाडूला आधीपासून माहीत आहे का, आणि निवाडा कोण करतो.

प्रसंग आपल्याच मुलखातला घेऊ. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, साल 1803. खान्देशात तेव्हा खरोखरच भीषण दुष्काळ होता. गढीत पाटलाचं कोठार भरलेलं आहे. घाटाची राखण करणाऱ्या भिल्ल नाईकाचा धान्यावर पिढीजात हक्क, पण पाटलाने तो थकवलाय. नाईक रात्री कोठार फोडतो, धान्य पाड्यावर वाटतो, आणि झटापटीत पाटलाचा पहारेकरी मरतो. पॅलाडिनने पाटलाच्या ओसरीवर, त्याची भाकरी खाऊन शब्द दिलाय: मारेकऱ्याला जिवंत आणून देईन. त्याच रात्री नाईक लेकरांसकट पॅलाडिनच्या तळावर येतो, तिरकमठा खाली ठेवतो आणि आसरा मागतो. पाटलाच्या हाती पडला तर मरण नक्की.

गाव आणि माणसं माझ्या मनातली आहेत, पण राखणीचे हक्क इतिहासातले आहेत. 1818 मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला, भिल्लांचे उठाव चालूच राहिले, आणि 1825 मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली ती याच पार्श्वभूमीवर. म्हणून कळकळीने सांगतो, नाईकाला दरोडेखोर म्हणून रंगवू नका. त्याच्याकडे हक्क आहे, पाटलाकडे एक मेलेला माणूस आहे. दोघांनाही न्याय मागायला जागा असेल तरच हा पेच म्हणायचा.

आधी जुनं डंजन्स अँड ड्रॅगन्स. पॅलाडिन तिथे 1975 च्या पुरवणीत आला आणि 1978 च्या पुस्तकात त्याचे नियम पक्के झाले: तो फक्त मानव, ‘लॉफुल गुड’ (नियमाने वागणारा सज्जन), आणि जाणूनबुजून एक दुष्कर्म केलं की दैवी शक्ती कायमच्या गेल्या. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रायश्चित्ताची वाट होती, पण आचारसंहिता कडकच राहिली. वैध सत्तेचा मान राखायचा, खोटं बोलायचं नाही, विष वापरायचं नाही, गरजूंना मदत करायची, निरपराधांना छळणाऱ्यांना शासन करायचं. आता नाईकाला या संहितेसमोर उभा करा. पाटील वैध सत्ता आहे की हक्क बुडवणारा? गरजू कोण? कलमं एकमेकांवर आदळतात, आणि कोणतं वरचं हे पुस्तक सांगत नाही. “भो, पुस्तकात तर दोन्ही लिहिलंय” असं खेळाडू म्हणणार आणि निकाल डीएम देणार. मग खेळाडू नाईकाचा विचार सोडून डीएमच्या मनात काय आहे ते ओळखत बसतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. तिसऱ्या आवृत्तीतला पॅलाडिन हवं तेव्हा समोरच्यातलं दुष्टपण ताडू शकतो. खेळाडू पहिल्यांदा तेच करणार. नाईक दुष्ट नाही, पाटील दुष्ट आहे, असं उत्तर आलं की विचार करायला काही उरतच नाही. या आवृत्त्यांवर माझा जीव आहे, पण पेचासाठी त्या घेऊ नका. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने शक्ती जाण्याचा प्रश्नच काढून टाकला, त्यामुळे ती इथे कामाची नाही.

पाचवी आवृत्ती (2014) मला सर्वांत जवळची वाटते. तिथे पॅलाडिन तिसऱ्या लेव्हलला (अनुभवाच्या तिसऱ्या पायरीवर) ओथ, म्हणजे शपथ, घेतो. म्हणजे पहिल्या दोन लेव्हलमध्ये गाव बघायचं, माणसं ओळखायची, मग कशाची शपथ घ्यायची ते ठरवायचं. ‘डिव्हाइन सेन्स’ने देवदूत, सैतानी जीव आणि मृतात्मे कळतात, माणसाच्या मनातलं काही कळत नाही. पाटील आणि नाईक दोघंही झाकलेले राहतात, आणि खेळाडूला त्यांच्याशी बोलावंच लागतं.

नाईकाचा प्रसंग इथे ओथच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. ‘डिव्होशन’वाल्याला शब्द मोडायचा नाही आणि दुबळ्यांना वाऱ्यावरही सोडायचं नाही. त्याची खरी कोंडी होते. ‘एन्शंट्स’वाला दया आणि आशेच्या बाजूचा, तो आसरा देईल आणि पाटलाशी वैर पत्करेल. ‘व्हेंजन्स’वाला मोठं पाप आधी बघतो. दुष्काळात कोठार कुलपात ठेवणारा पाटीलच त्याला मोठा गुन्हेगार वाटू शकतो, आणि मग तो नाईकाच्याच खांद्याला खांदा लावून गढीवर जाईल.

‘व्हेंजन्स’मध्ये ‘लागेल तो मार्ग’ असं एक कलम आहे, आणि त्यासाठी खान्देशाच्या इतिहासात फार तगडा मसाला आहे. असीरगडाची कथा घ्या. दुष्काळात आपली कोठारं लोकांसाठी उघडणारा आसा अहिर गडाचा धनी होता. खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याच्या नासीर खानाने घरच्या बायकांना आसरा हवा म्हणून डोल्या वर पाठवल्या, डोल्यांत सैनिक निघाले आणि गड पडला. फारसी इतिहासकारांनी सांगितलेली ही गोष्ट आहे. आता गडाच्या आत खरोखरच एखादा राक्षसी जुलमी बसलाय असं समजा आणि ‘व्हेंजन्स’वाल्याला विचारा: त्या डोलीत तू बसशील का? आसरा या गोष्टीवरचाच लोकांचा विश्वास त्याने उडणार आहे. एक सेशन याच्यावरच जाईल.

किंमतही या आवृत्तीत उघड आहे. शपथ मोडली तर आपल्याच श्रद्धेच्या पुरोहिताकडे किंवा आपल्याच ओथच्या पॅलाडिनकडे जायचं, रात्रभर प्रार्थनेत जागायचं, उपवास करायचा. ज्याच्या घरी कानबाईचं जागरण होतं त्या खेळाडूला हे समजावून सांगावं लागणार नाही. पश्चात्तापच नसेल तर मात्र क्लास (पात्राचा प्रकार) सोडावा लागू शकतो, किंवा ‘ओथब्रेकर’ म्हणजे शपथ मोडलेला पॅलाडिन व्हावं लागतं.

पाथफाइंडर या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने (2019) वेगळी वाट काढली. तिथला क्लास ‘चॅम्पियन’, आणि 2019 च्या मूळ पुस्तकात पॅलाडिन हा त्याचा एक प्रकार होता; नंतरच्या सुधारित पुस्तकात हे नाव राहिलं नाही. मूळ पुस्तकात त्याची व्रतं उतरंडीने लावलेली आहेत आणि दोन व्रतं भिडली तर वरचं पाळायचं. दुष्कर्म न करणं सर्वांत वर, त्याखाली निरपराधाला इजा न करणं आणि आपल्या डोळ्यांदेखत होऊ न देणं. खरं बोलणं आणि वैध सत्तेचा मान त्याच्याही खाली येतात. नाईकाच्या लेकरांना धोका आहे म्हटलं की पाटलाला दिलेला शब्द मागे पडतो. वाद मिटतो, पण पेचही विरळ होतो. ज्या टेबलावर मित्र खरोखर भांडून उठतात, तिथे हीच नियमावली घ्या.

पेंड्रॅगन (1985) हा दंतकथेतल्या राजा आर्थरच्या सरदारांचा खेळ आहे. त्यात गुणांच्या 13 जोड्या, दयाळू-क्रूर, न्यायी-मनमानी अशा, आणि प्रत्येक जोडीची बेरीज 20. गुण 16 किंवा वर गेला की तो गाजलेला मानतात आणि कसोटीच्या वेळी डाइस टाकावाच लागतो. म्हणजे नाईकाला सोडायचं तुमच्या मनात असूनही तुमचा सरदार न्यायासाठी त्याला बांधून नेईल. काहींना हे फार भावतं, पण माझ्या हातातून निवड निसटली की माझं मन रमत नाही. शिवाय खान्देशात आणायचा तर गुण आणि धर्माचे बोनस नव्याने लिहावे लागतील.

डॉग्ज इन द विनयार्ड (2004) हा फक्त याच प्रश्नासाठी लिहिलेला खेळ. अमेरिकेच्या पश्चिमेसारख्या प्रदेशात तरुण धर्मरक्षक गावोगाव फिरतात आणि तिथलं पाप शोधून निपटतात. गाव रचणाऱ्याने स्वतःचा निवाडा बाजूला ठेवायचा, खेळाडूंचा निर्णय शेवटचा. वाद शब्दांनी सुरू होतो. हरायला लागलात तर हातघाईवर आणि शेवटी बंदुकीवर जाऊन जास्त डाइस मिळवता येतात, आणि प्रत्येक पायरीला ‘एवढ्यासाठी एवढं करशील?’ हे विचारलं जातं. नाईकाचा प्रसंग इथे सर्वांत जोरकस चालतो. पण मूळ लेखकाने विक्री थांबवली आहे आणि वर्षभराच्या कॅम्पेनपेक्षा चार-सहा बैठकांत तो जास्त खुलतो.

नव्या टेबलाला माझा सल्ला: पाचवी आवृत्ती घ्या आणि पाथफाइंडरची उतरंड तिला जोडा. पहिल्या बैठकीतच खेळाडूला त्याची शपथ मराठीत किंवा अहिराणीत, चार-पाच ओळींत, महत्त्वाच्या क्रमाने लिहायला लावा. शेजारी डीएमने प्रायश्चित्त लिहावं. प्रसंगात कोणती ओळ पणाला लागली आहे हे डीएमने उघड सांगावं, पण बरोबर काय ते सांगू नये. परिणाम माणसांकडून येऊ द्या. नाईक सुटला तर पहारेकऱ्याची बायको जाब विचारायला येईल, नाईक लटकला तर घाटाची वाट बंद होईल. शक्ती काढून घेण्यापेक्षा हे जास्त लागतं.

आणि पकडलेल्या गॉब्लिनांच्या (राक्षसी बुटक्या जीवांच्या) पोरांना मारायचं की नाही, हा जुना सापळा कृपा करून टाळा. त्यात दोन्हीकडून पॅलाडिन पडतो आणि खेळाडूच्या हातात काहीच नसतं.

खर्चाचं म्हणाल तर पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम 2023 पासून मुक्त परवान्याखाली मोफत मिळतात, पण त्यात पॅलाडिनची एकच ओथ आहे, ‘डिव्होशन’. नाईकाच्या प्रसंगाला ती पुरेशी आहे. डोल्यांचा प्रसंग ‘व्हेंजन्स’ने खेळायचा असेल तर ग्रुपमध्ये एक तरी प्लेयर्स हँडबुक (खेळाडूंचं मुख्य पुस्तक) लागेल.