'अकिरा'चा सहा खंडांचा बॉक्स सेट: नऊ महिन्यांच्या वाचनानंतर

कात्सुहिरो ओतोमोची 'अकिरा' ही जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा ('यंग मॅगझिन' या नियतकालिकात, १९८२ ते १९९०) इंग्रजीत जपानी पद्धतीने, उजवीकडून डावीकडे, पहिल्यांदा छापली गेली ती कोदांशा प्रकाशनाच्या याच २०१७च्या आवृत्तीत. १९८८पासून निघालेल्या रंगीत अमेरिकन अंकांत चित्रं आरशातल्यासारखी उलटवलेली होती. ते अंक वाचलेल्यांचा डोळा सुरुवातीला हमखास चुकीच्या चौकटीवर पडतो.

जाड पुठ्ठ्याचे सहा खंड, 'अकिरा क्लब' हे चित्रांचं पुस्तक आणि कॅप्सूलचं (औषधाच्या गोळीचं) चित्र असलेला कापडी बिल्ला. पानं दोन हजारांवर. आडवं पडून वाचायचा हट्ट सोडा, मनगट दुखतं. खरी अडचण बांधणीची: जोडपानांवरच्या चित्राचा मधला भाग शिवणीत जातो, आणि ओतोमोची निम्मी करामत जोडपानांतच आहे. नवा खंड एकदम मधून फाकवू नका. पुढची आठ-दहा, मागची आठ-दहा पानं असं आळीपाळीने दाबत मध्यापर्यंत या. कणा तडकत नाही.

ध्वनिशब्द चित्रांत जपानीतच आहेत, अर्थ खंडाच्या शेवटी. दर स्फोटाला मागे पळू नका; काय फुटलं ते दिसतंच.

१९८८चा सिनेमा मालिका संपायच्या आधीच आला, त्यामुळे 'गोष्ट माहीत आहे' म्हणणारे इथे फसतात. सिनेमातला अकिरा म्हणजे बरण्यांतले अवशेष. इथे तो जिवंत, गप्प पोरगा. गुप्त प्रयोगातून अद्भुत शक्ती मिळालेल्या त्याच्यासारख्या मुलांच्या तळहातांवर क्रमांक: २५, २६ (ताकाशी), २७, आणि अकिरा २८. पहिल्या तिघांचं अंग लहान मुलाचं, चेहरा सुरकुतलेला. तिसऱ्या खंडाच्या शेवटी ताकाशीला गोळी लागते आणि पुढे अकिराच्या शक्तीने पानामागून पान निओ-तोक्यो, गोष्टीतलं शहर, कोसळत राहतं, जवळजवळ एका शब्दाविना. ही पानं भराभर उलटतात, म्हणून मुद्दाम थांबायचं: इमारती कशा एकेक करून वाकतात ते बघा.

चौथा खंड रेंगाळतो, बरेच जण इथेच सोडतात. सोडू नका. लेडी मियाको ही धर्मगुरू (ती स्वतः १९ क्रमांकाची) तेत्सुओला, अशीच शक्ती जागी झालेल्या तरुणाला, प्रयोगाचा इतिहास सांगते तो इथेच. तो हुकला तर सहाव्यात तेत्सुओचं शरीर असं का फुगत, पसरत जातं ते कळत नाही.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात सेट भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या टाका. खंड काढताना कण्याचं वरचं टोक ओढू नका. बॉक्स कलता करून हातात घ्या.